नऊ मार्चची नोंद

बाबा गेल्यावर महिन्याभराने काका भेटायला आले. काका म्हणजे प्रयोगशाळेतले बाबांचे तीस वर्षांचे सोबती. तज्ज्ञांनी तपासण्याआधीच आपला शोधनिबंध सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुला करायचं बाबांनी ठरवलं, तेव्हा काकांनीच अडवलं होतं. “कच्चं लेखन चव्हाट्यावर मांडलंस, तर लोक दात काढतील. आधी मला वाचू दे.” बाबांनी विश्वासाने नोंदवही त्यांच्या हाती दिली आणि शेवटपर्यंत वाट पाहिली. काल तेच संशोधन इंटरनेटवर खुलं झालं, तपासणीआधीच, काकांच्या एकट्याच्या नावावर. बाबांच्या लेकीने त्यातला आलेख छापून त्यांच्यासमोर ठेवला. रोजच्या नोंदींची रेघ एका जागी तुटली होती. “काका, नऊ मार्चला नोंद का नाही हो?” “यंत्र रुसलं होतं गं. तुला कशाला या भानगडी?” “यंत्र धडधाकट होतं. नोंद घेणारे बाबा त्या दिवशी स्मशानात होते. आईला खांदा द्यायला तुम्हीही आला होतात, काका.”