हत्तीखालचा शब्द

मी शिकले त्याच शाळेत शिकवते. काल कपाट आवरताना हत्तीच्या गोष्टीचं जुनं पुस्तक सापडलं. तिसरीत असताना त्यातल्या हत्तीखाली मी पेन्सिलीने ‘ढब्बी’ लिहिलं होतं. बाकावरच्या शेजारणीला आम्ही तेच म्हणायचो. नेमकं तिलाच बाईंनी ते पुस्तक मोठ्याने वाचायला दिलं. त्या पानावर ती थबकली. माझं अक्षर ती ओळखायची. तिने शब्दावर अंगठा दाबला आणि हत्तीचा असा आवाज काढला, की वर्ग हसून लोळला. माझं नाव तिने कधीच सांगितलं नाही, मीही माफी मागितली नाही. आज वर्गात सगळ्यांना चिडवणाऱ्या चिमुरडीला तेच पुस्तक वाचायला दिलं. ती मध्येच थांबली. “बाई, हे कोणी लिहिलंय?” “मी. तुझ्याएवढी असताना. मैत्रिणीला चिडवायला.” तिने माझ्याकडे पाहिलं, शब्दावर अंगठा ठेवला आणि पुढे वाचू लागली.