बोटीवरचा चहा

बोटीवर खानसामा असलेले काका सुट्टीत गावी आले ते दोरा बांधलेल्या चहाच्या पुरचुंड्या घेऊन. उकळत्या पाण्यात एक बुडवायची, रंग उतरला की फेकायची. आईला त्या आधी पोट शेकायच्या ओव्याच्या वाटल्या, तर काका केवढे हसले. चहा पिताना म्हणाले, “वयनी, खर्च लय वाढला. पोरीची महाडची शाळा बस झाली.” माझ्या शाळेचे पैसे तेच पाठवायचे. संध्याकाळी आईने फेकलेल्या पुरचुंड्या उसवल्या, पत्ती गूळ-आल्यात खळखळून उकळली आणि सगळ्या घराला चहा दिला. काका भुरका मारून म्हणाले, “फक्कड हाय. कुठची पत्ती गो?” “तुमचीच, भावजी. फेकलेली. काटकसर मी चुलीपाशी करीन. पोर चुलीपाशी बसवायची नाय.” अशी माझी आई. काकांनी रिकामा पेला पुढे केला. “वाईच ओत, वयनी. सोमवारी हिला महाडला मीच सोडतो.”