पाणी उतरेना

मन्मथप्पांनी दुकानाला जागा दिली नसती, तर मी परळीत मेकॅनिक झालोच नसतो. ते गेले, पण उपकार राहिले. म्हणून त्यांच्या पत्नी उमाबाईंचा निरोप आला, "गल्लीतलं पहिलं वॉशिंग मशीन, पन पानी उतरंना," तसा मी हातातलं काम टाकून गेलो.

तळाची जाळी काढून बोटं घातली. मन्मथप्पांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी हाताला लागली. कडेला डाग देऊन ती मीच सांधली होती.

महिन्यापूर्वी समाधी देताना ती त्यांच्या तळहातावर मीच ठेवली होती. माती मीच लोटली होती.

पाणी खळखळत उतरलं.

उमाबाईंनी डबी पदराने पुसून कपाळाला लावली.

"लई उपकार झाले, सिद्धाराम," त्या आतल्या खोलीकडे वळत म्हणाल्या. "मालक सकाळपासून उपाशी बसलेत. पूजेबिगर जेवत न्हाईत ना."