दहापैकी नऊ

"दहापैकी दोन," ती म्हणाली. "आठ जण साबणाला हातही न लावता बाहेर पडतात. आणि हे सगळे डॉक्टर, सर!"

सर खूश दिसले. "आकडा जितका वाईट, तितका प्रयोग चांगला."

माणसं ठरवतात कसं आणि वागतात कसं, हा त्यांचा विषय. नवजात बाळांच्या विभागाशेजारी डॉक्टरांची दोन स्वच्छतागृहं होती. तिथल्या संडासांच्या दारांवर आणि साबणाच्या बाटल्यांत तिने छोटी मोजणी-यंत्रं बसवली होती. आठवडाभर आकडे बघून तिला माणसांचीच किळस यायला लागली. कुणी बिस्किटाचा पुडा पुढे केला की ती मागे सरायची. कुणी हात मिळवला की ती तो हात अंगापासून लांब धरून नळ शोधायची.

त्यात धाकट्या बहिणीचं सातव्या महिन्यात झालेलं बाळ त्याच विभागात, काचेच्या पेटीत.

दुसऱ्या आठवड्यात एका स्वच्छतागृहात पाटी लागली: 'इथे दहापैकी नऊ जण हात धुतात.' दुसरं तसंच ठेवलं.

चौथ्या दिवशी पाटीकडचा आकडा खरोखरच नऊवर गेला. दुसरीकडे दोनच. तिने तीनदा तपासून पाहिलं.

"लाज!" सर म्हणाले. "माणसाला चारचौघांसारखं वागायचं असतं."

'नुसती पाटी पुरते' या अहवालावर दोघांच्या सह्या झाल्या. विभागाच्या दाराशी उभी राहून प्रत्येकाला हात धुवायला लावणारी नर्स दुसऱ्या मजल्यावर गेली. आता तिची गरज नव्हती.

सोमवारी ती स्वतः बसवलेली यंत्रं काढायला आली. काचेपलीकडे बहीण हसत होती. डॉक्टरांनी पेटीत हात घातला होता आणि बाळाने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. किती दिवसांनी तिला कुणाच्या हाताकडे बघवलं.

पाटीवाल्या स्वच्छतागृहाच्या दाराशी बसणाऱ्या सफाईवाल्या मावशी उठून जवळ आल्या.

"यंत्र काढताय, ताई? माझं काम बरोबर भरलं ना?"

"तुमचं?"

"बाटली मीच भरते. तेव्हाच आतलं यंत्र दिसलं. मग तुमची पाटी आली, दहाला नऊ. म्हटलं, तेवढं भरलं नाही तर मला काढतील. पण धुतंय कोण? कुणी न धुता बाहेर पडलं की मी आत जाऊन बाटली दाबते. दहावा तेवढा सोडते." मावशींनी हनुवटीने काचेकडे दाखवलं. "आत्ता हे डॉक्टर इथूनच गेले ना, त्यांचंही मीच दाबलं."