रहस्य की कोडी?

“कोडी घेऊ की खून?” दोन हातांत दोन डब्या धरून सेइजिरोने विचारलं.

तामाएने विचारात पडल्यासारखं केलं. ओसाकातल्या या वापरलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात, याच कपाटासमोर, याच दोन डब्या घेऊन तो वर्षभरात चौथ्यांदा उभा होता. त्याला ते आठवत नव्हतं, आणि कळूही नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती.

“कोडी कितीही वेळा सोडवावीत,” तो म्हणाला. “खुनाचं तसं नाही. एकदा खुनी कळला की खेळ खलास. चिक्कू माणसाने कोडीच घ्यावीत.”

“म्हणजे तुम्हीच की!”

“पण अगं, हा आगगाडीतला खून आहे. आत वेळापत्रकसुद्धा दिलंय!”

अडतीस वर्षं आगगाडी चालवलेला माणूस वेळापत्रकावर भाळणार नाही तर कशावर? तामाएला हसू आलं. कोड्यांचा गेम डॉक्टरांनी सुचवला होता. मेंदू चालता राहील म्हणे. पण तो गेम मोठा खडूस निघाला. रोज शेवटी गुण दाखवायचा, शेजारी गेल्या महिन्याचेही दाखवायचा. आकडे उतरत गेले तसा सेइजिरो गप्प होत गेला, जेवणही तुटलं. शेवटी तिने तो इथे विकला आणि दोघांनी हा खुनाचा नेला.

खुनाचा गेम काही मोजत नव्हता. दोघं खाली शेगडी असलेल्या उबदार टेबलाखाली पाय घालून, संत्री सोलत, त्या टीचभर पडद्याला डोकी लावून बसत. सेइजिरो एकेक गाडी पेन्सिलीने कागदावर मांडायचा. खुनी सापडला की मांडीवर अशी थाप मारायचा की मांजर उठून जाई. काही आठवड्यांनी तो सगळं विसरला, की तामाए डबी गुपचूप इथे आणून विकायची. खेळून झालेलं विकून टाकायची सगळ्यांचीच रीत, त्यामुळे कुणाला नवल नव्हतं. मालकीणबाई इकेझावा मात्र सगळं जाणून होत्या. त्या ही डबी दुसऱ्या कुणाला न विकता त्याच जागी ठेवून देत.

“खूनच!” सेइजिरोने जाहीर केलं आणि तो गल्ल्याकडे निघाला.

आज इकेझावाबाई नव्हत्या. नवा माणूस होता, पन्नाशीचा, भलताच अदबशीर. तामाए पर्स उघडते आहे तोवर सेइजिरोने दुकानाचं कार्ड पुढे केलंसुद्धा. पॉइंट सोडणाऱ्यांतला तो नव्हताच.

संगणक टुणकन वाजला. माणसाने पडद्याकडे पाहिलं आणि तो कमरेत वाकला.

“माफ करा साहेब. हाच गेम आपण आधी तीनदा नेला आहे. आपलं उगाच नुकसान नको, म्हणून सांगतो.”

वर्षभर जपलेलं त्या भल्या माणसाने एका वाक्यात उघडं पाडलं होतं.

“नाही हो, ते शेजाऱ्यांसाठी...” ती घाईघाईने म्हणाली. आता हा पुन्हा गप्प होईल, पुन्हा ताट सरकवेल, एवढंच तिला दिसत होतं.

सेइजिरोने डबी गल्ल्यावर ठेवली. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

“तीनदा?”

“हो.” त्याच्या तोंडावर तिला खोटं बोलवेना.

“तिन्ही वेळा सापडला मला खुनी?”

“तिन्ही वेळा. मागच्या खेपेला तर दोनच दिवसांत.”

“बघ!” त्याचा चेहरा उजळला. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “मी इतकं विसरतो हे तुला कळलेलं नाही, असं वाटायचं मला. कळू नये म्हणून फार धडपडलो गं.”

तामाएच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने त्याची बाही धरली. नवा माणूस बिचारा वाकलेला तसाच होता.

“द्या हो, बांधून द्या,” सेइजिरो त्याला म्हणाला आणि बायकोकडे वळला. “पण तामाए, खुनी कोण ते मात्र सांगायचं नाही हं.”