मलम लावलेले हात

मंगळावर कायमची निघालेली केतकी आज आईला शेवटचा स्पर्श पाठवणार होती. उद्यापासून यान इतकं लांब असणार होतं, की तिचा नुसता आवाजच पोचणार होता.

सावंतवाडीच्या स्पर्शकेंद्रात तिच्या आईनं, निर्मलाताईंनी, स्पर्श पोचवणारा हातमोजा घातला आणि यंत्र लगेच बंद पडलं. केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी त्यांचा हात पाहिला. कातडी कागदासारखी पातळ होऊन जागोजागी फाटली होती.

“हाताला काय लावता?”

“खाजेचं मलम. मेडिकलवाल्यानं दिलं होतं. लावलं की लगेच बरं वाटायचं, म्हणून वर्षानुवर्षं लावत राहिले.”

“त्यात स्टिरॉइड असतं, ताई. ते थोडेच दिवस लावायचं. आता या कातडीला मोज्यातला प्रवाह सोसणार नाही.”

“मला कुणी सांगितलंच नाही हो. एकदाच चालू करा. रक्त आलं तरी चालेल.”

डॉक्टरबाईंनी नाइलाजानं यंत्र चालू केलं. लेकीची बोटं हातात आली, पण त्यांची ऊब निर्मलाताईंना निखाऱ्यासारखी भाजली. त्यांनी दात आवळून धरले, तरी हात आपोआप मागे आला आणि स्पर्श तुटला.

“आई,” केतकीचा आवाज आला, “हात का काढलास?”