तीन रंगीत प्रती

बाबांनी खाकी पाकीट टेबलावर ठेवलं, तेव्हा अवंतिकाला वाटलं की आत फक्त तक्रारीचा अर्ज आहे.

"तीन सेट हैं, मैडम," ते हवालदारबाईंना म्हणाले. "एक थाने का, एक कोर्ट का, एक हमारी फ़ाइल का."

बाबांनी, म्हणजे गोपाळकृष्णरावांनी, चौतीस वर्षं कोर्टात पेशकारी केली होती. साहेब बोलतील ते मोत्यासारख्या अक्षरात उतरवायचं, हे त्यांचं काम. मुलीवर एवढा प्रसंग गुदरला तरी अर्जात समास सोडायला ते विसरले नव्हते.

हवालदारबाईंनी पाकिटातून पहिला कागद काढला आणि पटकन उलटा ठेवला. पण तेवढ्यात अवंतिकाला दिसलंच. तिचा फोटो. दोन वर्षांपूर्वी तिने तो समरजीतला, फक्त समरजीतला पाठवला होता, आणि साखरपुडा मोडल्यावर त्याने आपल्या चार मित्रांना पाठवला होता. इथे तो पानभर होता, रंगीत.

"बाबा, हे प्रिंट... मतलब, कुठे काढले?"

"मी पाहिलं नाही हं," बाबा घाईघाईने म्हणाले. खरंच पाहिलं नसणार. अर्जासाठी तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला, तेव्हाही त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. "नया बाज़ारात, सूर्याजीच्या दुकानात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चेहरा साफ येत नाही म्हणाला. पुरावा कच्चा राहायला नको."

"त्याला फोटो दिला कसा?"

"दुकानाच्या नंबरवर व्हाट्सऐप केला. सगळे तसंच करतात."

दुकानातला तो कॉम्प्युटर अवंतिकाला ठाऊक होता. काउंटरवर, गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवलेला. मार्कशीट, आधार कार्डं, लग्नपत्रिका, ज्याचं त्याचं सगळं एकाखाली एक उघडं. चार जणांनी पाहिलंय, हा आकडा घेऊन ती तीन आठवडे जगत होती. पाचवा होऊ नये, एवढ्यासाठीच ती इथवर आली होती.

"अगं, आपला सूर्याजी. घरचाच माणूस," बाबा म्हणाले.

समरजीतनेही मित्रांबद्दल हेच लिहिलं होतं. अपने ही लड़के हैं, बाहर का कोई नहीं.

तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळेना म्हणून आणखीच आला.

हवालदारबाई टाइप करायला लागल्या होत्या. "अर्ज़ी में एक चीज़ कम है, अंकल. ऐसी फोटो आगे भेजना ही जुर्म है, भेजने वाला कोई भी हो. नीयत तो कोर्ट देखेगा. किस-किसने भेजी, सबके नाम-पते नीचे लिख दीजिए."

"बरोबर," बाबा म्हणाले. चूक दाखवली की ती मान्य करायची, हीही कोर्टातलीच सवय. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, अर्ज पुढे ओढला आणि एकचा आकडा घातला. "सांग."

"समरजीत."

त्याच्या वडिलांचं नाव, थाटीपुरातला घर नंबर त्यांना विचारावा लागला नाही. साखरपुड्याच्या पत्रिकेवर तो पत्ता त्यांनी याच पेनाने घातला होता. मग त्यांनी खाली दोनचा आकडा घातला, सरळ रेषेत.

"दुसरा?"

अवंतिकाने पाकिटाकडे पाहिलं. त्यात अजून दोन प्रती होत्या.

"गोपाळकृष्ण," ती म्हणाली.

सांगेल ते उतरवणारा चौतीस वर्षांचा हात. 'गोपाळ' लिहून झालं, आणि मग थांबला.

"पूरा नाम लिखिए, अंकल," स्क्रीनवरची नजर न काढता हवालदारबाई म्हणाल्या.